सात वाट्या पाणी

आमच्या भागात तिबेटी लोक राहतात, हे नागपूरच्या माणसाला सांगितलं तरी एकदम खरं वाटत नाही. तिबेटी म्हटलं की लोकांना धरमशाला आठवते, नाहीतर थंडीत रस्त्याच्या कडेला लागणारा स्वेटरचा बाजार. पण गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाजवळ गोठणगाव आहे आणि त्याच्या शेजारी १९७२ सालापासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. कागदोपत्री नाव नोर्ग्येलिंग, आमच्या बोलण्यात नुसतं ‘कॅम्प’. धानाच्या बांध्या, पळसाची झाडं, मध्येच एखादी बोडी म्हणजे लहान तळं, आणि मग घरांवर निळ्या-पांढऱ्या-लाल-हिरव्या-पिवळ्या पताकांच्या माळा दिसायला लागतात.

मी तिथून जवळच्याच गावात शिवणकाम करते. घराच्या छपरीत मशीन, खिळ्याला कैची आणि टेप, तारेवर शिवून झालेले ब्लाऊज. ब्लाऊज-परकर, फॉल-पिको, जूनमध्ये शाळेचे गणवेश, असं वर्षभर चालतं. कॅम्पातल्या बायाही येतात. त्यांचा पोशाख म्हणजे चुपा: घोट्यापर्यंत लांब, बिनबाह्यांचा, आत लांब बाह्यांचा ब्लाऊज. कंबरेत सैल करायचा, नाहीतर आईचा चुपा मुलीच्या मापाला आणायचा, अशी कामं असतात. लग्न झालेल्या बाया त्यावर पुढच्या बाजूने रंगीत आडव्या रेघांचं लोकरी वस्त्र बांधतात, त्याला पांगदेन म्हणतात. हातमागावर विणलेल्या तीन अरुंद पट्ट्या उभ्या जोडून ते तयार होतं. जोडताना शेजारच्या पट्टीच्या रेघा एकमेकींना मिळू द्यायच्या नसतात, मुद्दाम खाली-वर ठेवायच्या. चौकडीचं कापड असलं की शिवणीत रेघेला रेघ मिळवायची, हे आम्हा शिवणकाम करणाऱ्यांच्या हाताला लागलेलं वळण. त्यामुळे पांगदेन जोडताना हात आपोआप जुळवायला जातो आणि प्रत्येक टाचणीला त्याला थांबवावं लागतं. मला हे काम शेजारी बसून दाखवणाऱ्या आजींना मी आमा-ला म्हणते. कॅम्पात वडीलधाऱ्या बाईला असंच म्हणतात. देवापुढे रोज मांडायच्या पाण्याच्या वाट्या मी पहिल्यांदा त्यांच्याच घरी नीट पाहिल्या.

त्यांच्या समोरच्या खोलीत भिंतीतल्या लाकडी कपाटात देव्हारा आहे. बुद्धाची मूर्ती, दलाई लामांचा फोटो, फोटोवर पांढरा रेशमी खाता, म्हणजे मानाचा उपरण्यासारखा पट्टा. खालच्या फळीवर सात पितळी वाट्या पालथ्या घातलेल्या. मी मापाला सकाळी लवकर गेले होते, तर त्या म्हणाल्या, “बस बेटी, पहिले पाणी.” आम्ही दोघी हिंदी-मराठी मिसळूनच बोलतो.

आधी त्यांनी हात धुतले, तोंडावर रुमाल बांधला, म्हणजे आपला श्वास पाण्यावर पडत नाही. स्वच्छ फडक्याने एकेक वाटी आतून-बाहेरून पुसली आणि सगळ्या एकात एक घालून चळत हातात धरली. रिकामी वाटी देवापुढे उताणी ठेवत नाहीत. म्हणून वरच्या वाटीत पाणी घेतलं, त्यातलं थोडं राखून बाकीचं खालच्या वाटीत ओतलं आणि वरची वाटी फळीवर मांडली. मग पुढची, मग त्याच्या पुढची. डावीकडून उजवीकडे सातही वाट्या एका रेषेत बसल्या, प्रत्येकीच्या तळाशी थोडंथोडं पाणी. दोन वाट्यांच्या मध्ये जवाचा एक दाणा मावेल एवढीच जागा. चिकटायच्याही नाहीत आणि लांबही जायच्या नाहीत. मग तांब्या घेऊन पुन्हा डावीकडून सुरुवात. धार आधी बारीक, मधे जरा जाड, शेवटी पुन्हा बारीक, म्हणजे धारेचा आकारही जवाच्या दाण्याचाच. काठाला दाणाभर जागा उरली की थांबायचं. फळीवर थेंब पडू द्यायचा नाही.

एवढंच. बोलणं नाही, घाई नाही. ओठ हलत होते, मंत्र चालला असावा. दुपार कलली की, दिवेलागणीच्या आधी, उलट्या बाजूने, उजवीकडून डावीकडे, वाट्या रिकाम्या करायच्या, पुसायच्या आणि पालथ्या घालायच्या. पाणी कुणाच्या पायाखाली येणार नाही अशा ठिकाणी, झाडाच्या बुडाशी ओतायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवं पाणी.

मी विचारलं, फळ नाही, मिठाई नाही, पाणीच का? आमा-लांनी सांगितलं ते मला फार पटलं. महाग वस्तू देवापुढे ठेवली की देणाऱ्याच्या मनात कुठेतरी ‘मी दिलं’ राहतं, नाहीतर ‘एवढं द्यावं लागलं’ राहतं. पाणी गरिबाकडेही असतं आणि श्रीमंताकडेही, म्हणून ते देताना हात आखडत नाही आणि छातीही फुगत नाही. तिबेटात याची एक गोष्ट सांगतात. बंगालकडचे आचार्य अतिश १०४२ साली तिबेटात पोचले. तिथलं डोंगराचं पाणी पाहून ते म्हणाले की, दुसरं काही नसलं तरी चालेल, इथलं नुसतं पाणी वाहिलं तरी पुरे.

मग त्यांनी एकेका वाटीवर बोट ठेवून सांगितलं. पहिली वाटी प्यायच्या पाण्याची. दुसरी पाय धुवायच्या पाण्याची. तिसरी फुलांची, चौथी धुपाची, पाचवी दिव्याची, सहावी अंगाला लावायच्या सुगंधाची, सातवी जेवणाची. सगळ्यांत पाणीच, पण मनात त्या त्या वस्तू आणायच्या. काही घरांत दिव्याच्या जागी खरा दिवाही लावतात. बुद्ध घरी पाहुणा आलाय, असं समजून त्याची सगळी सरबराई करायची.

पहिल्या दोन वाट्यांपाशीच मी थांबले. कारण विदर्भातल्या कोणत्याही खेड्यात पाहुणा दारात आला की आधी काय करतात? पाय धुवायला पाणी देतात. अंगणात बादली आणि गडवा ठेवतात, पाहुणा पाय धुतो, मग खाटेवर बसतो, मग त्याच्या हातात प्यायचा गडवा. चहा नंतर. माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिली गोष्ट सांगितली ती हीच, की या घरात कोणी कोरड्या पायाने आत येत नाही. सत्यनारायणाला महाराज देवाला आधी पाद्य, अर्घ्य करतात, मग गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य; तेही पाहुणचारच आहेत. म्हणजे हे आमा-लांचं सगळं मूळचं इथलं. भारतातून बौद्ध आचार्यांबरोबर हिमालय ओलांडून गेलं, तिथे हजार वर्षं जपलं गेलं, आणि १९५९ नंतर घर सोडावं लागलेल्या माणसांच्या हाताने परत आलं, तेही आमच्या धानपट्ट्यात. आमा-ला सीमा ओलांडताना इतक्या लहान होत्या की आईच्या पाठीवर बांधलेल्या होत्या. सोबत फार काही आणता आलं नाही, म्हणतात. पण वाट्या कशा मांडायच्या हे आईने आणलं. हा विचार मनात आला की आजही माझा हात कामावर थांबतो.

मी घरी हे करू का, असं त्यांना विचारलं. विचारायलाच हवं होतं, असं माझं मत आहे. दुसऱ्यांच्या श्रद्धेतलं काही छान दिसलं म्हणून उचलून आणायचं आणि शोकेसमध्ये मांडायचं, हे मला पटत नाही. माणसाकडून शिकावं, त्यामागचं कारण समजून घ्यावं, आणि जेवढं आपल्याला मनापासून करता येईल तेवढंच घ्यावं. आमा-ला हसल्या. म्हणाल्या, पाणी तुझं, वाट्या तुझ्या, देव तुझा. मी कोण नाही म्हणणारी? फक्त एक सांगितलं, की करशील तर नीट कर, अर्धं लक्ष पाण्यावर आणि अर्धं रस्त्यावर, असं नको.

माझ्याकडे रुखवतातल्या लहान पितळी वाट्या होत्या, ट्रंकेत पडून. चिंच-मीठ लावून घासल्या. देवघराच्या खालच्या फळीवर त्या बसल्या. आमच्याकडे जव नाही, म्हणून दोन वाट्यांमधलं अंतर मी धानाच्या दाण्याने मोजते. पाणी विहिरीचं. अंगणात सडा-रांगोळी झाली, चूल पेटायच्या आधी, हे माझं काम.

त्या वेळात काय होतं, ते जमेल तसं सांगते. पाणी ओतताना पहिल्यांदा लक्षात येतो आवाज. रिकाम्या वाटीत धार पडते तेव्हा आवाज जाड असतो, वाटी भरत येते तसा तो बारीक होत जातो, आणि काठाशी आल्यावर बंदच होतो. डोळे मिटूनही कळतं की आता थांबायचं. मग पाणी काठाजवळ किंचित फुगतं, खिडकीतला उजेड त्यात एका बाजूला जमा होतो. वाट्या लहान-मोठ्या नसल्या तरी प्रत्येकीचा काठ वेगळा. माझ्या चौथ्या वाटीला एका ठिकाणी पोचा आहे, तिथे पाणी आधी वर येतं, म्हणून तिच्यापाशी हात हळू चालवावा लागतो. मनात दुसरं काही असलं, कोणाचा गणवेश द्यायचा राहिला, खताचं बिल, पोरीच्या होस्टेलची फी, की धार हलते. पाणी ते लगेच दाखवतं. मग धार सावरायची, आणि ती सावरली की मनही थोडं सावरतं. मला ध्यान-धारणा कोणी शिकवली नाही, शिबिराला जायची सोयही नाही. खेड्यातल्या बाईला घर सोडून दहा दिवस मौन पाळायला कोण सोडणार? पण सात वाट्या भरायला कोणाची परवानगी लागत नाही, पैसा लागत नाही, वेगळी खोली लागत नाही. म्हणून मी हे लिहितेय. माझ्यासारख्या खूप बाया आहेत, ज्यांचा सगळा दिवस दुसऱ्यांच्या वेळेवर चालतो.

आणि हे देवघरापुरतं राहत नाही. मशीनवर बसताना मी आता बॉबिन भरून, तेल टाकून, सुई पाहून मगच पायडलला पाय लावते. आधी कामाच्या मध्ये उठून हे सगळं व्हायचं. पांगदेनची शिवण घालताना तर याचा सरळ उपयोग होतो, कारण तिथे सवयीने चालणारा हात उपयोगाचा नाही, प्रत्येक रेघ बघावी लागते. पाहुण्याला पाणी देतानाही फरक पडला. गडवा आधी आतून बघते, विसळते, पूर्ण भरते, दोन हातांनी देते. गॅसवरच्या दुधाकडे बघत पाणी द्यायचं, ते सुटलं.

पाण्याचं मोल या मुलखाला कोणी वेगळं शिकवायला नको. भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोली हा तलावांचा पट्टा आहे. जुने मालगुजारी तलाव, ज्यांना आम्ही मामा तलाव म्हणतो, ते कोहळी लोकांनी पाळी म्हणजे बांध घालून, उतार ओळखून तयार केले, आणि अजूनही कित्येक गावांची रोवणी त्यांच्यावर आहे. तरी मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो आणि हापशीवर रांग लागते. तेव्हा शेजारणीने विचारलं होतं, या दिवसांत देवाला सात वाट्या पाणी? मी तिला दाखवलं: माझ्या सातही वाट्यांचं मिळून एका लहान तांब्याएवढं पाणी होतं, आणि तेही तुळशीला आणि कढीपत्त्याला जातं, जिथे ते रोज घालावंच लागतं. उलट उन्हाळ्यात मी ते पाणी सगळ्यात जास्त जपून ओतते. रोवणीच्या दिवसांत मात्र पहाटे बांधीत जायचं असतं, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं उपटून झालेली असतात, मजूर बाया वाट बघत असतात. तेव्हा कसं करायचं, हेही मी आमा-लांना विचारलं. त्यांनाही धान माहीत आहे. जव पिकवणाऱ्या मुलखातली त्यांची माणसं इथे येऊन चिखलात रोवणी करायला शिकली. त्या म्हणाल्या, नाही जमलं तर वाट्या पालथ्याच राहू दे, काही बिघडत नाही. अर्धवट भरून पळू नको. हा सल्ला मी इतरही कामांना लावते.

आमच्या गावातल्या बुद्ध विहारात पौर्णिमेला वंदना असते. विदर्भात १९५६ च्या दीक्षेनंतर गावोगाव विहार उभे राहिले, आमच्याकडचाही त्यातलाच. तिथे जाणारी माझी मैत्रीण वाट्या बघायला आली तेव्हा म्हणाली, आमच्याकडे फूल, मेणबत्ती आणि अगरबत्ती, एवढंच. कर्मकांड वाढवायचं नाही असं आमचं ठरलेलं. मला तिचं म्हणणं पटतं. फूल वाहताना ते फूल जसं कोमेजेल तसं हे शरीरही कोमेजेल, असा विचार करायचा असतो, हे तिने मला सांगितलं, आणि तेही एका ओंजळीत मावणारं ध्यानच आहे. एकाच बुद्धाच्या दोन वाटा आमच्या पंचक्रोशीत आहेत, एक विहारातली आणि एक कॅम्पातली. दोन्हीकडे फार खर्च नाही, फार पसारा नाही. मी ना इथली ना तिथली, पण दोघींकडून शिकते, आणि दोघींनीही मला कधी परकं केलं नाही.

कॅम्पाची काळजी मात्र वाटते. थंडीत बरीच घरं बंद असतात, कारण माणसं स्वेटर विकायला शहरात गेलेली असतात. ते तर दरवर्षीचं आहे, परत येतात. पण तरुण मुलं शिकून बंगळुरू, दिल्ली, तिथून परदेशात जातात, ती परत येतीलच असं नाही. आमा-लांचा नातू सुट्टीत आला की सकाळचं पाणी तो भरतो. मोबाईल बाजूला ठेवून, रुमाल बांधून. त्याची धार अजून आजीएवढी स्थिर नाही, पण वाट्यांमधलं अंतर तो डोळ्यांनी बरोबर घेतो. हे मी पाहिलंय, म्हणून लिहून ठेवते.

आमच्या सासूबाईंना सुरुवातीला हे आवडलं नव्हतं. “काहाचं पाणी भरून राहिली बाई तू? कोणाले?” असं त्यांनी दारातूनच विचारलं होतं. मी पहिली वाटी, दुसरी वाटी समजावली. प्यायचं पाणी आणि पाय धुवायचं पाणी म्हटल्यावर त्या आत आल्या, फळीपाशी बसल्या आणि पुढच्या पाचही विचारून घेतल्या. मग मी सांगितलं की आठवीही एक सेवा आहे, नादाची, पण तिला वाटी नाही, कारण नाद डोळ्यांना दिसत नाही.

सासूबाई तुकडोजी महाराजांच्या भजनांवर वाढलेल्या. त्यांच्या वडिलांची खंजिरी आमच्याच घरात आहे, कातडं बदलून घेतलेली. त्या म्हणाल्या, “मग थे आठवं माह्याकडे राहू दे.” तेव्हापासून दिवेलागणीआधी मी वाट्या रिकाम्या करते, तुळशीला पाणी घालते, आणि त्या ओसरीवर खंजिरी घेऊन बसतात. शेजारची दोन-तीन पोरं टाळ मागायला येतात. समोरच्या गल्लीतला एक म्हातारा आपली काठी टेकवत येऊन पायरीवर बसतो, आणि भजन झाल्यावर हमखास सांगतो की खंजिरी अजून जरा जोरात वाजवा, ऐकू कमी येतं.